गुडघा बाहेरून का कुरकुरतो?



पावसानं उघडीप दिली, की शाळाशाळांच्या मैदानावर चुन्याच्या रेषा पडतात, सरांच्या शिट्ट्या वाजतात आणि शालेय स्पर्धांची तयारी सुरू होते. त्याबरोबर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. एरवी तुम्ही विचारता, "बाई, वीज आधी दिसते आणि आवाज मागाहून का येतो?" स्पर्धा जवळ आल्या की पत्रं येतात ती पायांची! कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाच्या पोटरीत गोळा आलेला.

या वेळच्या गठ्ठ्यातलं एक पत्र मात्र मी दोनदा वाचलं. लिहिणाऱ्या मैत्रिणीचं नाव छापत नाही, पण पत्र बघा:

"बाई, मी नववीत आहे. ३००० मीटर पळते. तीन आठवड्यांनी तालुक्याच्या स्पर्धा आहेत. गेल्या महिन्यापासून माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला दुखतो. सुरुवातीला काहीच वाटत नाही. पाच-सहा फेऱ्या झाल्या की सुई टोचल्यासारखं होतं. थांबलं की बरं वाटतं. जिना उतरताना जास्त दुखतं. मी सरांना सांगितलेलं नाही, कारण ते माझं नाव काढतील. घरी सांगितलं तर पळणंच बंद होईल. लवकर बरं होण्याचा काहीतरी उपाय सांगा."

मी काही डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई आहे. म्हणून हे पत्र मी आमच्याकडच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवलं. त्यांच्याशी बोलले, पुस्तकं चाळली. पत्रावरून पक्कं निदान कुणीच करू शकत नाही, पण ही सगळी लक्षणं पळणाऱ्यांच्या एका अगदी ओळखीच्या दुखण्याची आहेत. आज त्याचीच माहिती घेऊ या. पळत नसलात तरी वाचा. पाय सगळ्यांनाच आहेत!

मांडीवरची नवार

नवारीची खाट पाहिली आहे ना? तिची ती रुंद, चिवट पट्टी असते, तशीच एक पट्टी आपल्या प्रत्येक मांडीच्या बाहेरच्या अंगाला आहे. कमरेच्या हाडापाशी ती सुरू होते, मांडीवरून सरळ खाली येते, गुडघा ओलांडते आणि नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी वरच्या टोकाशी घट्ट चिकटते. डॉक्टर तिला 'इलिओटिबिअल बँड' म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून खेळाडू नुसतं 'आय. टी. बँड' म्हणतात. आपण तिला 'बाहेरचा पट्टा' म्हणू या.

हा पट्टा म्हणजे स्नायू नव्हे, बरं का! स्नायू आखडतो आणि सैल होतो. पट्टा आपल्या आपण आखडू शकत नाही. मात्र वरच्या बाजूला कुल्ल्याचा मोठा स्नायू आणि खुब्याच्या पुढचा एक छोटा स्नायू त्याला जोडलेले असतात. ते त्याला ओढून धरतात. लगाम घोडेस्वाराच्या हातात असतो, तसा.

हाताला लागतो का बघा. उभे राहा, गुडघा किंचित वाकवा आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडं वर, बोटानं चाचपा. ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी लागेल. तोच आपला पट्टा.

आता गंमत ऐका. आपला जवळचा नातेवाईक चिंपांझी. त्याच्या मांडीवर असा ठळक पट्टा नसतो, नुसता पातळ पडदा असतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात कॅरोलिन एंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांची तुलना केली. त्यांचं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना असं दिसलं, की वजनाच्या मानानं माणसाचा पट्टा चिंपांझीच्या पडद्यापेक्षा १५ ते २० पट जास्त ऊर्जा साठवू शकतो. ताणलेलं रबर सोडलं की ते उसळतं ना? पळताना पट्टा तसाच ताणतो आणि पाऊल पुढे टाकायला मदत करतो. म्हणजे ज्याला आपण आज दोष देतो आहोत, तो खरं तर आपल्याला पळवणारा मित्र आहे!

मग दुखतं कुठे आणि का?

मांडीचं हाड गुडघ्यापाशी जाड होतं. तिथे बाहेरच्या बाजूला त्याला एक उंचवटा असतो. पट्टा नेमका त्या उंचवट्यावरून जातो. दुखतं ते तिथंच.

जेम्स रेन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'मरीन' दलाच्या जवानांमध्ये हे दुखणं पाहून त्यावर लेख लिहिला. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी झाली, की रहाटावर दोर घासावा तसा पट्टा हाडावर पुढे-मागे घासतो आणि म्हणून तिथे आग होते. पुष्कळ वर्षं हेच शिकवलं गेलं. पुढे २००६ मध्ये ब्रिटनमधल्या जॉन फेअरक्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहिलं. त्यांना आढळलं, की पट्टा मोकळा नसतोच. चिवट तंतूंनी तो मांडीच्या हाडाला बांधलेला असतो. मग घासणार कसा? पट्टा आणि हाड यांच्यामध्ये चरबीची एक मऊ गादी असते, तिच्यात नसांची टोकं पुष्कळ असतात. गुडघा ठरावीक कोनात वाकला की पट्टा ती गादी दाबतो. एकदा दाबली तर काही नाही. हजारदा दाबली, की ती कुरकुरते.

हा ठरावीक कोन कोणता? कंपासपेटीतला कोनमापक काढा. पाय अगदी सरळ असतो तेव्हा शून्य अंश धरा. तिथून गुडघा साधारण ३० अंश वाकला, की दाब सगळ्यात जास्त पडतो. पळताना पाऊल जमिनीवर टेकलं, की लगेच गुडघा याच कोनाच्या आसपास असतो. जिना उतरतानाही तो हा कोन ओलांडतो, आणि तेही सगळं वजन त्याच पायावर असताना. म्हणून तर आपल्या मैत्रिणीला जिन्यात जास्त दुखतं. काही जण मग गुडघा न वाकवता, काठी धरल्यासारखा ताठ पाय टाकत चालतात.

आता एक सोपं गणित करू. पळताना एका पावलात साधारण १ मीटर अंतर जातं असं धरा. ३००० मीटरला पावलं किती? ३०००. त्यातली निम्मी उजव्या पायाची, म्हणजे १५००. रोज २ किलोमीटर पळणाऱ्या मुलीनं स्पर्धेच्या घाईत एकदम ६ किलोमीटर सुरू केले, तर त्या गादीवरचे दाब १००० वरून ३००० वर गेले. रोज! शरीर वाढलेलं काम शिकतं, पण त्याला वेळ लागतो. पहिलीच्या मुलाला सोमवारी बे एके बे आणि मंगळवारी भागाकार देऊन कसं चालेल?

गुन्हेगार शोधा

दुखणं आलं की पहिला प्रश्न 'कुठलं मलम लावू?' हा नसतो. 'काय बदललं होतं?' हा असतो. आपल्या मैत्रिणीनं आणि तुम्हीही ही यादी तपासून बघा:

१. अंतर किंवा वेग एकदम वाढवला का? सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात पूर्वीइतकं पळायला लागलात का?

२. उतारावर पळता का? घाट चढताना दम लागतो, पण या दुखण्याला जास्त त्रास होतो तो उतरताना.

३. रस्त्याच्या कडेनं पळता का? पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं पळालं, की एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. पण म्हणून वाहनांच्या रस्त्यावर मध्येच बाजू बदलू नका हं! त्यापेक्षा मैदान बरं.

४. मैदानावर सगळ्या फेऱ्या एकाच दिशेनं मारता का? सरावात काही फेऱ्या उलट दिशेनं माराव्यात.

५. पावलं अगदी एका रेषेत, दोरीवर चालल्यासारखी पडतात का? त्यानं पट्ट्यावर ताण वाढतो. दोन पावलांत थोडं अंतर ठेवून पळालं की तो कमी होतो.

६. बूट एका बाजूनं झिजलेत का?

आणि सातवा गुन्हेगार लपलेला असतो. तो गुडघ्यात नसतोच, वर खुब्यापाशी असतो! त्याला पकडायला आरशासमोर जाऊ या.

करून पाहा: खडूचं टिंब

अर्धी चड्डी घालून मोठ्या आरशासमोर उभे राहा. आरसा नसेल तर भावंडाला समोर बसवा. गुडघ्याच्या वाटीवर खडूनं एक टिंब काढा. आता त्या एकाच पायावर उभे राहा आणि खुर्चीवर बसायला निघाल्यासारखा गुडघा थोडासा वाकवा. टिंब कुठे जातं? पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं सरळ राहिलं तर छान. आत, म्हणजे दुसऱ्या पायाकडे झुकलं, किंवा उचललेल्या पायाकडची कंबर खाली लोंबली, तर समजा की खुब्याच्या बाजूचे स्नायू थकलेले किंवा कच्चे आहेत.

त्याचा पट्ट्याशी संबंध काय? मांडवाचा खांब कलला की एका बाजूचा दोर ताणला जातो, हे तुम्ही पाहिलं असेल. इथेही तेच होतं. कंबर लोंबली, मांडी आत वळली, की बाहेरचा पट्टा ताणतो आणि खालची गादी जास्त दाबली जाते. बिचारा गुडघा मार खातो, आणि ढिलाई असते वरच्याची!

स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉ. मायकेल फ्रेडरिक्सन आणि सहकारी यांनी हे दुखणं असलेले लांब पल्ल्याचे २४ धावपटू तपासले. दुखऱ्या बाजूचे खुब्याचे स्नायू त्यांच्याच दुसऱ्या बाजूपेक्षा कच्चे निघाले. त्यांना सहा आठवडे व्यायाम दिले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २४ पैकी २२ जण सहा आठवड्यांनी न दुखता पुन्हा पळू लागले. कच्चेपणामुळे दुखणं येतं, की दुखण्यामुळे कच्चेपणा येतो, यावर जाणकारांत अजून वाद आहेत. पण बरं होताना हे व्यायाम उपयोगी पडतात, म्हणून आजही ते दिले जातात.

पहिली पायरी: कुरकुर शांत करा

दुखेपर्यंत पळायचं, मग थांबायचं, उद्या पुन्हा तेच, हे आधी बंद. खरचटलेल्या जागेवरची खपली रोज काढली तर ती भरेल का? साधारण एक-दोन आठवडे पळणं थांबवावं लागतं. पण याचा अर्थ अंथरुणावर पडून राहायचं असा नाही. सपाट जमिनीवर न दुखता जेवढं चालता येईल तेवढं चाला. पोहता येत असेल आणि दुखत नसेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली पोहा. सायकल चालवताना दुखलं नाही तर चालवा, फक्त बैठक फार उंच नको. दुखलं तर तीही बंद. जिना उतरताना कठड्याला धरा, घाई करू नका.

बर्फ लावायचा असेल तर कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं. थेट कातडीवर कधीच नाही. त्यानं ठणका कमी होतो. मात्र बर्फ म्हणजे काही इलाज नव्हे.

आता काय करायचं नाही, ते ऐका. घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी आपल्या मनानं घेऊन पळायला जायचं नाही. गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची. दुखणं म्हणजे शाळेची घंटा आहे. घंटेत बोळा कोंबला म्हणून तास संपायचा राहतो का?

दुसरं, दुखऱ्या हाडावर जोरजोरात तेल रगडायचं नाही. हल्ली पुष्कळ खेळाडू फोमचा लांबट रूळ घेऊन त्यावर मांडी लाटतात आणि म्हणतात, "पट्टा सैल करतोय." २००८ मध्ये काही संशोधकांनी गणित मांडून पाहिलं, की मांडीवरचं हे आवरण नुसतं १ टक्का दाबायला किती जोर लागेल. उत्तर आलं ९०० किलोपेक्षा जास्त वजनाइतका! आपल्या वजनानं तो कसा सैल होणार? आजूबाजूच्या स्नायूंना हलकं चोळलं तर बरं वाटतं, तेवढं चालेल. गुडघ्याच्या हाडावर मात्र रूळही नको आणि अंगठाही नको.

दुसरी पायरी: खुबा पक्का करा

चालताना दुखायचं थांबलं, की हे चार व्यायाम सुरू करा. एक दिवस आड, प्रत्येकी १० वेळा, मध्ये थोडं थांबून आणखी १० वेळा. दोन्ही पायांनी करायचे. नियम एकच: कुल्ल्यापाशी थकवा जाणवला पाहिजे, गुडघ्यात दुखता कामा नये.

भिंतीवरची सरक. भिंतीला पाठ आणि टाच टेकवून कुशीवर झोपा. खालचा पाय दुमडा, वरचा सरळ ठेवा. वरच्या पायाची टाच भिंतीवरून सरकवत पाय हळूहळू वर न्या, दोन अंक मोजा, हळूहळू खाली आणा. पायाची बोटं छताकडे वळू देऊ नका. टाच भिंतीपासून सुटली की समजा फसवेगिरी चालली आहे!

शिंपला. कुशीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडा. टाचा एकमेकींना चिकटलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडा आणि मिटा. कंबर मागे कलू द्यायची नाही.

सेतू. हा योगासनांतून तुम्हाला माहीत आहेच. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर ठेवा, कंबर उचला. पाच अंक मोजा, खाली या.

पायरी उतरणं. हा शेवटी सुरू करायचा, कारण तो अवघड आहे. ओट्याच्या अगदी बुटक्या पायरीवर एका पायावर उभे राहा. आधाराला भिंत असू द्या. दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवा आणि वर या. खडूचं टिंब आठवतं ना? ते सरळ राहिलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यात काही फरक दिसणार नाही. दुसऱ्यात कंटाळा येईल. हे व्यायाम सोडून देतात ते बहुतेक तेव्हाच! पण स्नायू एका रात्रीत तयार होत नाहीत. रोपाला पाणी घालून दुसऱ्या दिवशी ते उपटून मूळ किती वाढलं ते आपण बघत नाही, तसंच आहे हे.

तिसरी पायरी: पुन्हा मैदानावर

पळायला सुरुवात कधी करायची? तीन परीक्षा आहेत. तिन्हींत पास व्हायला हवं. अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, हा पहिला पेपर. जिना न दुखता उतरता येतो, हा दुसरा. पायरी उतरण्याचा व्यायाम १० वेळा न दुखता होतो, हा तिसरा. दहा गुणांचा ग्रेस नाही!

पास झालात की एक दिवस आड, सपाट मैदानावर, असा नमुना ठेवता येईल. पहिला आठवडा: १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, असं ८ वेळा. दुसरा आठवडा: २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ६ वेळा. तिसरा: ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ४ वेळा. चौथा: १० मिनिटं पळणं, मध्ये २ मिनिटं चालणं, पुन्हा १० मिनिटं पळणं. नंतर हळूहळू सलग पळणं. उतार आणि घाट सगळ्यात शेवटी.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट सांगते. आपल्याला वाटतं, अगदी पाय ओढत, संथ पळालं म्हणजे गुडघ्याला आराम. पण फार संथ पळताना पाऊल टेकतं तेव्हा गुडघा त्या ३० अंशांच्या आसपास जास्त वेळ रेंगाळतो. थोडं चपळ पळताना तो जास्त वाकलेला असतो आणि नकोसा कोन पटकन ओलांडतो. म्हणून पळायचं थोडकं, पण जिवंत पावलांनी. लहान, हलकी, भरभर पावलं टाकायची.

पळताना बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, तर त्याच क्षणी थांबायचं. 'ही फेरी पुरी करते' असंही म्हणायचं नाही. पुढच्या वेळी आधीच्या आठवड्याचा नमुना पुन्हा करायचा. मागे जावं लागलं म्हणजे नापास झालो असं नाही. सापशिडीत सगळ्यांनाच साप लागतो, तरी डाव पुरा होतोच की! बहुतेक जणांना सगळं मिळून सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त.

ताबडतोब डॉक्टरांकडे

तुमच्या वयात हाडं वाढत असतात, म्हणून गुडघा दुखण्याची कारणंही जास्त असतात. वाटीच्या खाली, पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते वेगळं दुखणं. गुडघा अडकत असेल, कट्ट आवाज होऊन दुखत असेल तर आतल्या गादीची तक्रार असू शकते. आणि काही वेळा बिघाड खुब्याच्या सांध्यात असतो आणि दुखतो मात्र गुडघा! तो बिघाड लवकर सापडला नाही तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

म्हणून हे लक्षात ठेवा: गुडघा सुजला, लाल किंवा गरम झाला, ताप आला, रात्री झोपेतून दुखून जाग आली, लंगडायला लागलात, जांघेत दुखलं, पायावर वजन देता येईना, किंवा पडल्यावर दुखायला लागलं, तर या लेखातलं काहीही करत बसू नका. घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आणि यातलं काहीच नसलं, तरी दोन आठवडे पळणं थांबवूनही दुखत राहिलं तर दाखवायलाच हवं. सरकारी जिल्हा रुग्णालयातही हाडांचे डॉक्टर असतात.

आता आपल्या मैत्रिणीसाठी

तू लवकर बरं होण्याचा उपाय विचारलास. खरं सांगते, तीन आठवड्यांत जादूनं बरं करणारा उपाय नाही. या वर्षीची तालुक्याची स्पर्धा कदाचित हुकेल. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण तू किती दिवस वाट पाहिली असशील ते मला कळतं. पण तू आत्ता नववीत आहेस. दहावी, अकरावी, बारावी, शालेय स्पर्धा अजून पुष्कळ आहेत. गोळी घेऊन, दात-ओठ खाऊन एक शर्यत पळशीलही, पण मग कुरकुर जुनी होते, आणि जुनी कुरकुर जायला फार वेळ लावते.

तुझं खरं दुखणं मला गुडघ्यापेक्षा दुसऱ्याच जागी दिसलं. तुला हे कुणालाच सांगता येत नाहीये. सरांना असं सांग: "सर, मला पुढेही पळायचंय, म्हणून सांगते आहे." घरी 'मी पळू का नको' असं विचारू नकोस. "गुडघा दुखतोय, डॉक्टरांना दाखवू या, ते काय म्हणतात ते ऐकू या," असं सांग. प्रश्न नीट मांडला, की उत्तर 'बंद कर'च येईल असं नाही. एकटीला बोलायला धीर होत नसेल तर शाळेतल्या ज्या बाईंशी तुझं जमतं, त्यांना बरोबर घे. आणि हा अंकही उघडा ठेव त्यांच्यासमोर!

मोठ्यांसाठी चार ओळी

पालकहो, शिक्षकहो, दुखतंय असं सांगणाऱ्या मुलाला "नाटकं करू नकोस" म्हटलं, की ते मूल दुखणं लपवायला शिकतं. आणि "मग सोडून दे पळणं" म्हटलं, तरीही लपवायलाच शिकतं. सांगणाऱ्याचं नाव संघातून काढण्याआधी त्याला बरं व्हायला वेळ द्या. मैदानावर आलेल्या मुलीला घरी बसवणं फार सोपं असतं. तिला पुन्हा मैदानावर आणणं फार कठीण.

या आठवड्याचा गृहपाठ

एका जुन्या वहीची कोरी पानं घ्या आणि 'माझी पळण्याची वही' करा. पाच रकाने आखा: तारीख, किती पळालो, कुठे (मैदान, रस्ता की उतार), बूट कोणते, आणि दुखलं का? शेवटच्या रकान्यात ० ते १० मधला आकडा लिहायचा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. महिन्यानं ती वही उलगडून बघा. आकडा कधी वाढला आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात काय बदललं होतं, हे तुमचं तुम्हालाच सापडेल. डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर ही वही बरोबर न्या. तपासायला त्यांना सोपं जाईल.

आणि हो, खडूच्या टिंबाचा प्रयोग घरातल्या सगळ्यांवर करा. आजोबांवर करताना मात्र हाताला धरा हं! कुणाचं टिंब सरळ राहिलं आणि कुणाचं आत पळालं, ते मला पत्रानं कळवा.

तुमच्या,
बाई